सातबाऱ्याला विचारलेले प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील जमीन-दप्तर आणि त्याचा वाचक

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याने आपल्या जमिनीविषयी सरकारी दप्तराला विचारायचे प्रश्न गेल्या दोनशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर सारा किती बसतो आणि तिच्यात दुसऱ्या कोणाचा हक्क अथवा बोजा गुंतला आहे काय, हे चार प्रश्न पेशवाईच्या अखेरीस बार्शी-माढ्याकडच्या कुणब्याला जसे पडत, तसेच ते आज उजनीच्या कालव्यावर ऊस घेणाऱ्या त्याच्या वंशजालाही पडतात. बदलत गेली ती उत्तराची रीत : उत्तर कोणत्या लिपीत लिहिलेले असे, कोणत्या मापात दिलेले असे, ते वाचून कोण दाखवी आणि ते चुकीचे वाटल्यास हरकत कोठे घेता येई. महसुली इतिहासाच्या ग्रंथांत साऱ्याच्या दरांची चर्चा सविस्तर आढळते. पण महसुली विद्या न शिकलेल्या माणसाला दप्तरातील नोंद कितपत उमगे, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. सोलापूर जिल्हा या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण मुंबई इलाख्याच्या मोजणी पद्धतीची पायाभरणी त्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात झाली, कर्जबाजारी शेतकऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क देणारा १८७९ चा कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यांत सोलापूर होते, आणि येथील गावांत मराठीबरोबर कानडी बोलणारा खातेदार पूर्वापार नांदत आला आहे.

मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा गावच्या जमिनीची माहिती कुलकर्ण्याच्या घरी, कापडी रुमालांत बांधलेल्या सुट्या कागदांवर असे. थळझाडा, म्हणजे गावातील जमिनींची थळवार यादी. कुळझाडा, म्हणजे कुळवार येणे-बाकीचा तपशील. लावणी पत्रक, जमाबंदी पत्रक आणि ताळेबंद हे त्यातील नेहमीचे कागद होत. जमिनीला क्रमांक नसत, नावे असत, आणि ती नावे गावाबाहेरच्या माणसाला निरर्थक वाटत असली तरी गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असत. मापे काठी, पांड, बिघा आणि चाहूर या चढत्या क्रमाची असून वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असा हिशेब असला, तरी मूळ काठीची लांबी आणि बिघ्याची बसणूक ठिकठिकाणी वेगळी पडे. यामुळे कुळाला आपली जमीन कोठपासून कोठपर्यंत आहे हे पक्के माहीत असे, पण तिच्याविषयी कागदावर काय लिहिले आहे हे माहीत नसे. ही फारकत पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

त्यात लिपीची अडचण होती. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी असून तिच्यात आधी कागदभर आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लेखणी फारशी न उचलता जोडली जात. दोन शब्दांत अंतर सोडण्याचा प्रघात नव्हता आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नव्हता. लिहिणाऱ्याची सोय पाहून घडलेली ही लिपी वाचणाऱ्याकडून सराव मागे, आणि सराव ज्या घरात होता त्याच घरात दप्तरही होते. जोतीराव फुले यांनी १८८०च्या दशकात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो रोख धरला, तो एका जातीवरील रागापुरता मानणे अपुरे ठरेल. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावे लिहिणाऱ्याच्या हाती किती सत्ता येते, याचे ते विश्लेषणही होते.

कंपनी सरकारने सुरुवातीला जे केले त्याने दप्तर अधिक दुर्बोध झाले. हेलीबरी येथील कॉलेजात माल्थसकडे अर्थशास्त्र शिकलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२०च्या दशकात पुणे प्रांतात मोजणी हाती घेतली आणि सारा ठरवण्यासाठी निव्वळ उत्पन्नाचे तत्त्व धरले. म्हणजे प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे सरासरी पीक काढायचे, त्यातून बी-बियाणे, बैल, मजुरी असा लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर हे अत्यंत न्याय्य होते. प्रत्यक्षात पीक किती आणि खर्च किती याचे आकडे ज्या कनिष्ठ कारकुनांनी गोळा केले त्यांनी ते वाटेल तसे भरले, आणि इंदापूरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात १८३० नंतर मोठ्या प्रमाणावर जमिनी पडीक पडल्या. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास या पद्धतीचा दोष केवळ चुकीच्या आकड्यांचा नव्हता. त्याच्या शेतावर अमुक रुपये का बसले, या प्रश्नाचे उत्तर त्याला पडताळता येणार नाही अशा आकडेमोडीत दडलेले होते, आणि जे उत्तर पडताळता येत नाही त्यावर हरकतही घेता येत नाही.

हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरातच नवी मोजणी सुरू केली आणि पुढील काही वर्षांत तीच पद्धत आजच्या सोलापूर जिल्ह्यातील तालुक्यांत लागू होत गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. या पद्धतीत निव्वळ उत्पन्नाची आकडेमोड सोडून देण्यात आली. शेताला क्रमांक मिळाला, त्याच्या हद्दीवर दगड आणि बांध-उरळ्या आल्या, आणि जमिनीची प्रतवारी नऊ प्रतींत ठरवून प्रत्येक प्रतीचे मोल आण्यांत मांडले गेले : पहिली प्रत सोळा आण्यांची, मग चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटची दोन आण्यांची. मातीचा रंग व पोत आणि तिची खोली यांवरून मूळ प्रत निघे, आणि चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी साचणे किंवा पावसात माती वाहून जाणे असा प्रत्येक दोष तिला एकेक पायरी खाली उतरवी.

आण्यांची ही निवड वरवर किरकोळ दिसते, पण वाचनीयतेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. रुपयाचे सोळा भाग करून विचार करणे ही खेड्यातील निरक्षर माणसाचीही अंगवळणी पडलेली रीत होती. भावकीतले हिस्से ‘चार आणे’, ‘आठ आणे’ असे सांगितले जात, आणि पीक कसे आले हे सांगण्याची आणेवारीही त्याच मापाची. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भागही सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एकर हे परके माप होते खरे, तरी गुंठा आणि आणा यांच्या आधाराने ते दोन पिढ्यांत इतके मुरले की आज त्याला कोणी परके म्हणत नाही. आपली काळी जमीन दहा आण्यांत का बसवली, असे विचारणाऱ्या कुळाला प्रतवारी करणारा कारकून खोदलेला खड्डा आणि त्यातील चुनखडी दाखवू शकत होता. सरकारचा हेतू अर्थातच कुळाला शिक्षित करण्याचा नव्हता, तीस वर्षे स्थिर राहील असा वसूल मिळवण्याचा होता. तरीही उत्तर शेतकऱ्याच्या मापात आणि त्याच्या डोळ्यांपुढे मांडले जाण्याची ही पहिली मोठी पायरी ठरते.

मात्र या मोजणीतून जे कागद निर्माण झाले, म्हणजे शेताची आकृती दाखवणारी टिपणे, क्षेत्र काढण्याची गुणाकार बुके, प्रतवारीची प्रतिबुके आणि क्रमांकवार गोषवारा देणारे शेतवार पत्रक व आकारबंद, ते सर्व शेताबद्दल बोलत होते, माणसाबद्दल नव्हे. सर्व्हे नंबरापुढे ज्याचे नाव लिहिलेले असे तो सारा भरण्यास जबाबदार असलेला खातेदार. त्याच्या पाठीमागे चार भाऊ वाटणी करून वेगवेगळे वाहत असोत, जमीन सावकाराकडे गहाण पडलेली असो किंवा दुसराच कोणी अर्धेलीने कसत असो, सरकारला त्याच्याशी कर्तव्य नव्हते, कारण सरकारचा प्रश्न ‘सारा कोणाकडून घ्यावा’ एवढाच होता. दप्तर ज्याच्या प्रश्नासाठी रचले जाते त्यालाच ते नीट उत्तर देते; इतरांना मिळते ते आनुषंगिक. जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा कागद पुढे न्यायालयांत आणि सावकारी व्यवहारांत मांडला जाऊ लागला, तेव्हा त्याच्याकडून तो मुळात देऊ शकत नसलेले उत्तर मागितले जात होते.

दुसरे दप्तर सावकाराचे होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले, यातच त्यांचे गाऱ्हाणे नेमके कोठे होते हे दिसते. दंग्यांचा जोर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत होता. पण त्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये झालेला डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट, म्हणजे दख्खनमधील शेतकऱ्यांना कर्जाच्या जाचातून सोडवण्याचा कायदा, पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारही जिल्ह्यांसाठी होता. न्यायालयाने कर्जाचा मूळ इतिहास उकरून पाहावा ही त्यातील तरतूद इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिली आहे. त्याच कायद्याची शेवटची प्रकरणे मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावासाठी नेमलेल्या ग्राम-रजिस्ट्राराच्या देखरेखीखाली लिहिला जावा, कर्जफेडीच्या रकमेची लेखी पावती मिळावी, वर्षातून एकदा हिशेबाचे पत्रक मागता यावे आणि खाते पासबुकात उतरवून घेता यावे, असे हक्क त्यांत दिले गेले. त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल संहितेने सारा घेणाऱ्यावर पावती देण्याचे बंधन घातले. एकाच वर्षी सरकारी आणि सावकारी अशा दोन्ही वह्यांतील नोंदीची प्रत ऋणकोच्या हाती देण्याचे कायद्याने ठरावे, ही साधी गोष्ट नव्हे. पासबुकाचा हक्क हा मागणाऱ्याचा हक्क होता, आणि पुढच्या पेरणीला त्याच दारात बी-भरण मागायला जायचे असताना सावकाराकडे हिशेब मागण्याची छाती किती जणांना होणार होती, हा विचार कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही.

जमीन कोणाची हा प्रश्न सरकारने स्वतःहून विचारला तो १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनंतर, १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने. सारा कोण भरतो याऐवजी जमीन कोण धारण करतो, कोणाचे गहाण आहे, कूळ कोण, हिस्सेदार कोण, हे लिहून ठेवण्याचे ठरले, आणि १९१३ मध्ये ही व्यवस्था जमीन महसूल संहितेतच सामावली गेली. तिचा कणा होता फेरफार : खरेदी, वारसा, वाटणी किंवा गहाणाने हक्क बदलला की त्याची वर्दी द्यायची, तलाठ्याने किंवा कुलकर्ण्याने ती फेरफार नोंदवहीत उतरवायची, तिची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आल्यास चौकशी व्हायची आणि मगच वरिष्ठ कारकून ती नोंद प्रमाणित करायचा. या साखळीत चावडीचे स्थान महत्त्वाचे आहे, कारण चावडीवर लागलेला कागद ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानावरही गावच्या बोलण्यातून जात असे. नोंद पक्की होण्याआधी ती गावाला कळावी, ही कल्पना पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कायम राहिली आणि आजही फेरफाराच्या हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ही तिचीच खूण आहे.

गावच्या दप्तराला आजची घडण मिळाली ती एफ. जी. एच. अँडरसन यांच्या महसुली हिशेबांच्या नियमपुस्तिकेमुळे. गावात ठेवायच्या नोंदवह्यांना क्रमांक मिळाले आणि आज ‘गाव नमुने’ म्हणून ओळखले जाणारे एक ते एकवीस नमुने त्या परंपरेतले आहेत. नमुना १ हा आकारबंद, नमुना ६ फेरफार नोंदवही, नमुना ७ अधिकार अभिलेख म्हणजे हक्काचे पत्रक, नमुना ८-अ खातेवार धारण जमिनीची नोंदवही, नमुना १२ पिकांची नोंदवही. सातवा आणि बारावा एकाच पानावर छापले गेल्यामुळे ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले. या रचनेतील खरी कल्पकता नमुन्यांच्या जोडणीत होती. गट किंवा सर्व्हे क्रमांक धरला की आकारबंदातून नमुना ७ कडे आणि त्याच्या खालच्या पिकांकडे जाता येते. नमुना ७ वरील खाते क्रमांक धरला की ८-अ मध्ये त्या माणसाची गावातील सर्व जमीन एकत्र सापडते. आणि नावाजवळ वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक धरला की ते नाव तेथे कसे आले याची कथा नमुना ६ मध्ये वाचता येते.

संगणकशास्त्रात एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली संबंधाधारित रचना, म्हणजे माहिती अनेक तक्त्यांत ठेवून समान क्रमांकांनी ते तक्ते एकमेकांना जोडण्याची रीत, तत्त्वतः याहून फार वेगळी नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही स्वतः प्रश्न विचारता यावा, हा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात ती भाषा जाणकारांचेच हत्यार बनली. गाव नमुन्यांच्या बाबतीत हेच आधी घडून गेले होते. जोडणी तलाठ्याला उमगे, कारण सर्व वह्या त्याच्यापुढे असत; शेतकऱ्याच्या हाती पडे तो एकच उतारा, आणि त्यावरील वर्तुळातले आकडे त्याला गिचमिडीसारखे वाटत.

या उताऱ्याचे काही संकेत तर अनभिज्ञ वाचकाची हमखास दिशाभूल करणारे होते. हक्क संपलेल्या माणसाचे नाव कंसात टाकण्याची रीत होती. सर्वसाधारण मराठी वाचक कंसातील मजकूर हा अधिकचा खुलासा मानतो, दप्तरात मात्र कंस म्हणजे रद्द. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. पहिल्या तीन अक्षरांमागे अनेक भावांचा हक्क उभा असे, आणि ती अक्षरे पुढच्या उताऱ्यात नकलताना गळली की थोरला भाऊ एकटाच मालक दिसू लागे. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जात. त्या रकान्याचे नावच असे की तेथे गेलेला माणूस दुय्यम वाटावा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कुळांना मालकी मिळत गेली तेव्हा त्याच रकान्यात ‘कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे शेरे आले, आणि या एका ओळीचा अर्थ परवानगीवाचून जमीन विकता येणार नाही असा होता, हे बहुतेकांना विकायला निघाल्यावरच कळे. या रकान्याची भाषा कायद्याच्या कलमांची आहे आणि तिचा खुलासा उताऱ्यावर कोठेही नाही, हा त्या नमुन्याचा सर्वांत मोठा दोष होय.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत वाचकापुढची गुंतागुंत वाढली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले, ही मोठीच सुधारणा. दप्तर एका घराच्या मालकीचे राहिले नाही. पण १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार सर्व्हे नंबरांची जागा अनेक गावांत गट नंबरांनी घेतली, आणि आजोबांच्या खरेदीखतातील क्रमांक आजच्या उताऱ्यात सापडेनासा झाला. दशमान पद्धतीबरोबर एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक आर हा जवळजवळ एका गुंठ्याइतका असतो, मात्र एकराचे गुंठे चाळीस आणि हेक्टराचे आर शंभर, म्हणून ‘१.२१’ असा आकडा एक एकर एकवीस गुंठे असा वाचणारा शेतकरी आपली तीन एकर जमीन निम्म्यावर आणून ठेवी. शंभर वर्षांपूर्वी कमावलेली मापाची ओळख अशा रीतीने एका झटक्यात गेली. सोलापूर जिल्ह्यात आजही बांधावरचा व्यवहार एकरात आणि चावडीतला हेक्टरात चालतो.

भाषेचा प्रश्न येथे अधिक तीव्र होता. अक्कलकोट हे संस्थान होते आणि मंगळवेढे सांगली संस्थानाकडे होते. तेथील दप्तरे विलीनीकरणानंतर जिल्ह्याच्या दप्तरात आली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कानडी घरांत मराठी बोलली-समजली जाते, पण कार्यालयीन मराठी ही बोलल्या जाणाऱ्या मराठीपासूनच इतकी दूर गेली होती की तेथे मराठीभाषक आणि कानडीभाषक खातेदार जवळजवळ एकाच पातळीवर आले. १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्यकारभार मराठीत आणला हे योग्यच झाले. तथापि ‘हक्काचे पत्रक’ असे सुबोध नाव उपलब्ध असताना ‘अधिकार अभिलेख’ पुढे करण्यात कोणता लाभ साधला, हे सांगणे अवघड आहे.

संगणकीकरणाचा आरंभ महाराष्ट्रात सोलापूरपासून झाला नाही. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत जो पहिला प्रयोग केला त्यात या राज्यातून वर्धा होता. आणि सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्प २००० च्या सुमारास उभा राहिला, त्याने हस्तलिखित उतारे बंदच करून टाकले. ‘भूमी’वर पुढे झालेल्या टीकेत एक मुद्दा असा होता की माहिती सर्वांना खुली झाली तरी ती वापरण्याची ताकद असलेल्यांनाच, विशेषतः शहरालगत जमीन शोधणाऱ्यांना, तिचा अधिक फायदा झाला. हा मुद्दा महाराष्ट्रालाही गैरलागू नाही. येथे संगणकात भरलेले सातबारे आणि हस्तलिखित मूळ यांत तफावती निघाल्या, तेव्हा २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घेण्यात आले : तलाठ्याने गावासमोर संगणकीकृत उतारे वाचून दाखवायचे आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. सर्व नव्या यंत्रणेची तपासणी शेवटी १९०३ च्या कायद्यातील जुन्या चावडीनेच करावी लागली, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि गट क्रमांक माहीत नसेल तर नाव किंवा आडनाव टाकूनही उतारा शोधता येऊ लागला. प्रश्न विचारण्याची अडचण यामुळे पुष्कळ कमी झाली.

उत्तराकडे लक्ष गेले ते २०२० नंतर, नमुना ७ च्या मांडणीत बदल झाले तेव्हा. ते दिसायला बारीक आहेत, पण महसुली दप्तराच्या इतिहासात वाचकाचा इतका विचार क्वचितच झाला असेल. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब म्हणजे पिकाला निरुपयोगी क्षेत्र आणि दोहोंची बेरीज वेगवेगळी दाखवली जाऊ लागली. रद्द झालेल्या नावांना कंसाबरोबर आडवी रेघही मारली गेली, त्यामुळे दीडशे-दोनशे फेरफारांचा इतिहास असलेल्या गटातही आजचा मालक कोण हे नजरेला दिसू लागले. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापला जाऊ लागला. आणि सर्वांत उपयुक्त म्हणजे, एखादा फेरफार निर्णयाविना पडून नसेल तर ‘प्रलंबित फेरफार नाही’ असे शब्दांत लिहिले जाऊ लागले. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘काही नाही’ असाही होतो आणि ‘पाहिलेच नाही’ असाही. जमीन विकत घेणाऱ्याला या दोहोंतला फरक लाखमोलाचा असतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे नमुना १२ मधील नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची ठरली, म्हणजे दप्तराचा वाचक त्याचा लेखकही झाला. पूर्वी चावडीत बसून रब्बी ज्वारीची नोंद गावभर सारखी टाकण्याची जी सवय होती तिला यामुळे काहीसा आळा बसला. १ एप्रिल २०२५ पासूनच्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले गेले. तरीही वाचनाची जुनी अडचण संपलेली नाही, हे २०२३ मध्ये सेवानिवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने जातीच्या दाखल्यांसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उघड झाले. तालुक्यांच्या अभिलेखकक्षांतील कागद शोधता येत होते, त्यांची छायाचित्रे घेता येत होती, पण ते मोडीत असल्यामुळे वाचायला जाणकार बोलवावे लागत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीवर आजच्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असताना ती नोंद त्या कुटुंबाला वाचता येत नव्हती.

जुन्या कागदांच्या प्रतिमा संकेतस्थळावर ठेवल्याने ही अडचण सुटत नाही. मोडी पानाची प्रतिमा ही मोडी न येणाऱ्याला मूळ कागदाइतकीच मुकी असते. सोलापूर जिल्ह्यातील ग्रामसभांनी आपल्या गावच्या जुन्या फेरफार नोंदवह्यांचे आणि हक्काच्या पत्रकांचे देवनागरी लिप्यंतर मागावे, ‘इतर हक्क’ रकान्यातील प्रत्येक कलमाचा अर्थ उताऱ्याच्या पाठीमागे एका वाक्यात छापण्याचा आग्रह धरावा, आणि क्षेत्र हेक्टरांबरोबर एकर-गुंठ्यांतही देण्यास सांगावे. या तिन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही.